हात आधी वर, शटल नंतर खाली: एका ज्युनियर बॅडमिंटन खेळाडूचं प्रकरण

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते कारण यात सुरुवातीला मी स्वतःच चुकलेय, आणि तेही अगदी पुस्तकी पद्धतीने. खेळाडूची आणि तिच्या आईबाबांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील काढलेत किंवा बदललेत. खेळाडूंसोबत मानसिक तयारीचं काम करणाऱ्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल, आणि पालकांनी वाचलं तर उत्तमच.

पार्श्वभूमी

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. बॅडमिंटन, फक्त सिंगल्स. फूटवर्क छान, लांब रॅलीत दमायची नाही, सर तिला 'इंजिन' म्हणायचे. घरी खेळाला पूर्ण पाठिंबा, बाबा प्रत्येक स्पर्धेला हजर, हातात फोन आणि एक वही, वहीत प्रत्येक मॅचचा स्कोअर. या वहीचा पुढे खूप उपयोग झाला.

ज्यांना बॅडमिंटनमधलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. टीव्हीवरच्या मॅचला अंपायर असतो, सर्व्हिस जज असतो, लाइन जज असतात, आणि २०१४ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये कॅमेऱ्याने रिव्ह्यू घ्यायची सोयही आलीये. ज्युनियर स्पर्धेच्या पहिल्या राउंडमध्ये मात्र एकाच वेळी कितीतरी कोर्टवर मॅच चालू असतात आणि एवढी माणसं कुठून आणणार, त्यामुळे बऱ्याचदा लाइन जज नसतातच. मग आपल्या बाजूला पडलेलं शटल आत की बाहेर ते आपणच सांगायचं. लाइन ४० मिलिमीटर रुंद, आणि ती कोर्टाचाच भाग, म्हणजे शटलचा कॉर्क लाइनला नुसता टेकला तरी इन. कॉर्कचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर. आणि हे बघणारी पोरगी त्या क्षणी मागे पळत असते, मान वर, श्वास चढलेला, स्कोअर १८-१८. ही सगळी व्यवस्था विश्वासावर चालते, आणि बऱ्यापैकी चालतेही, हे मला आजही नवलाचं वाटतं.

तक्रार काय होती

बाबा आणि सर दोघांचं म्हणणं एकच, "मोठ्या मॅचला हिचा कॉन्फिडन्स जातो." मागच्या नऊ स्पर्धांत एकदाच सुरुवातीला हरली होती, सहा वेळा क्वार्टर फायनलला बाहेर, दोनदा सेमीला. पहिले राउंड आरामात काढायची आणि क्वार्टरला कोर्टवर वेगळीच मुलगी दिसायची, खांदे पडलेले, सोपे शटल नेटमध्ये, आणि दर दोन पॉइंटनंतर बाबांकडे बघणं. ती स्वतःही हेच म्हणत होती, "मॅडम, मला माझ्यावर विश्वासच नाही वाटत."

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. श्वासाचे व्यायाम, दोन पॉइंटच्या मधलं रुटीन, डोळे मिटून मॅचची कल्पना करणं, मनातल्या मनात बोलायची वाक्यं. पाच आठवडे. पोरीने सगळं मनापासून केलं. पुढची क्वार्टर फायनल ९-२१, १२-२१ अशी हरली.

चूक कुठे होती ते सांगण्यासाठी थोडी थिअरी लागेल. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाची कल्पना मांडली तेव्हा त्याचे चार झरे सांगितले होते: आपण स्वतः करून दाखवलेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यातला पहिला सगळ्यात दमदार. मी पाच आठवडे तिसऱ्या आणि चौथ्या झऱ्यावर बादल्या भरत बसले होते. पहिल्याकडे बघितलंच नाही कारण तो भरलेलाच दिसत होता, पोरगी दर स्पर्धेत दोन-तीन मॅच सरळ जिंकत होती की. खरा प्रश्न तिथेच होता आणि मला तो पडायला उशीर झाला: इतकं जिंकूनही हिच्या आत काहीच का साठत नाहीये?

वही आणि व्हिडिओ

बाबांची वही मी सहज चाळायला घेतली होती. काही मॅचपुढे त्यांनी छोटी चौकट काढलेली. विचारलं तर म्हणाले, "ते होय, त्या मॅचला लाइन जज होते, एकदा एकाने चुकीचा कॉल दिला म्हणून तेव्हापासून लिहून ठेवतो." मी चौकटवाल्या मॅच एका बाजूला आणि बिनचौकटीच्या दुसऱ्या बाजूला लिहून काढल्या आणि गार पडले. चौकट क्वार्टरपासून सुरू व्हायची. म्हणजे तिचा 'कॉन्फिडन्स जाणं' आणि 'लाइन जज येणं' हे एकाच वेळी घडत होतं. अर्थात क्वार्टरला समोरची खेळाडू पण तगडी असते, त्यामुळे नुसत्या वहीवरून काही ठरवणं बरोबर नव्हतं.

मग व्हिडिओ बघितले. बिनचौकटीच्या मॅचमध्ये बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या मागच्या लाइनजवळ, शटल आलं की ती सोडून द्यायची आणि डावा हात वर, म्हणजे 'आऊट'. मी एकच क्लिप दहा-बारा वेळा मागे-पुढे केली असेल. हात वर जायचा तेव्हा शटल अजून हवेत असायचं. चौकटवाल्या मॅचमध्ये तीच मुलगी तसलं शटल सोडायची नाही, बाहेर जाणारं पण मारायची, आणि सोडलंच तर आधी लाइन जजच्या तोंडाकडे बघायची.

इथे लगेच 'चीटिंग' असा शिक्का मारणं सोपं होतं आणि मी तो मारला नाही याचं मला बरं वाटतं. कारण डोळा पण फसवतो. विम्बल्डनच्या मॅचचे व्हिडिओ तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात पंचांच्या चुकीच्या कॉलपैकी बहुतांश चुका एकाच बाजूच्या निघाल्या, आत पडलेल्या बॉलला बाहेर म्हटलेल्या. वेगात जाणारी वस्तू आपल्याला तिच्या दिशेने थोडी पुढे गेल्यासारखी दिसते, म्हणून असं होतं. म्हणजे काडीचाही स्वार्थ नसलेला माणूस पण 'आऊट'कडे झुकतो. मग ज्याला पॉइंट हवाय त्याचं काय होत असेल?

पहिला निर्णय: विचारायचं कसं

समोर तीन-चार वाटा होत्या. सरळ विचारणं: "तू खोटे कॉल देतेस का?" पंधरा वर्षांची मुलगी याला नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हटलं की त्या नाहीचं रक्षण करत बसणार. सरांना किंवा बाबांना सांगणं: ते तर शक्यच नव्हतं, पहिल्याच दिवशी आमचं ठरलं होतं की तिच्या जिवाला धोका असेल असं काही सोडून आमचं बोलणं आमच्यातच राहील. तिसरी वाट म्हणजे नैतिकता वगैरे बाजूला ठेवायची आणि शटल ओळखणं हे एक कौशल्य म्हणून शिकवायचं. मी ही तिसरी वाट धरली, पण थोडी वाकडी करून.

बेसलाइनच्या टोकाला फोन लावला, लाइनच्या सरळ रेषेत. चाळीस शटल, सगळी लाइनच्या आसपास. तिने प्रत्येकाला इन की आऊट म्हणायचं आणि किती खात्री आहे ते एक ते पाचमध्ये सांगायचं. चाळीसपैकी सहा चुकली, दोन्ही बाजूंची. ठीकठाक. मग तिच्याच बरोबरीच्या एका मुलीशी अकरा पॉइंटचे गेम लावले, फोन तसाच चालू. त्यात लाइनच्या अगदी जवळची नऊ शटल तिच्या बाजूला आली, तिने आठ आऊट दिली, व्हिडिओत त्यातली पाच इन होती. खात्री मात्र सगळीकडे चार नाहीतर पाच.

आम्ही दोघींनी व्हिडिओ बघितला. मी काहीच बोलले नाही (ही माझी मुद्दाम गप्प बसायची सवय, कधीकधी अंगाशी येते). बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मला माहितीये."

आणि मग धबधबा. सगळेच करतात. समोरची पण देते. सर म्हणतात टाइट कॉल द्यायला शिक, नाहीतर लोक तुला खाऊन टाकतील. चोरी थोडीच आहे, गेम सेन्स आहे. एक-दोन पॉइंटनी काय होतं, मी तशीही जिंकलेच असते.

बांडुरांनीच पुढे 'मोरल डिसएंगेजमेंट' म्हणून जे लिहिलं, म्हणजे चुकीचं वागतानाही मनाची टोचणी बंद ठेवायच्या आठ युक्त्या, त्यातल्या निम्म्या तिने दोन मिनिटांत वापरल्या. कृत्याला गोंडस नाव देणं (टाइट कॉल), जबाबदारी वरच्यावर टाकणं (सर म्हणतात), गर्दीत वाटून टाकणं (सगळेच), परिणाम लहान करून बघणं (एक-दोन पॉइंट). पण मी अडकले शेवटच्या वाक्यावर. मी विचारलं, "जिंकली असतीस?"

"माहीत नाही ना मॅडम. तेच तर." आणि थोडं थांबून, "लाइन जज बसले की वाटतं, आता सगळ्यांना कळणार मी एवढी चांगली नाहीये."

माझ्या पाच आठवड्यांच्या श्वासाच्या व्यायामांचं काय झालं ते या एका वाक्यात होतं. जिंकलेली मॅच हा आत्मविश्वासासाठी पुरावा असतो, आणि हिच्या प्रत्येक पुराव्यावर हिनेच प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं. २१-१४ ने जिंकली तरी त्यातले दोन कॉल तिला आठवायचे आणि ते दोन कॉल बाकीचे एकोणीस पॉइंट पण खाऊन टाकायचे. खाई त्याला खवखवे, बाकी काही नाही.

एक अडचण, जी लपवण्यात अर्थ नाही

इथे कुणीही म्हणेल की बघा, खोटं वागलं की आत्मविश्वास जातो, मोरल ऑफ द स्टोरी. पण तसं सरसकट नाहीये. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकली, ती सातही विजेतेपदं २०१२ मध्ये डोपिंगमुळे काढून घेतली गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याचा आत्मविश्वास तसूभर हललेला दिसत नव्हता. २०१३ मध्ये टीव्हीवर कबुली देताना त्याने सांगितलं की त्या वेळी हे चुकीचं आहे असं त्याला वाटतही नव्हतं. म्हणजे युक्त्या पूर्ण लागू पडल्या तर टोचणी खरंच बंद होते आणि माणूस वर्षानुवर्षं जिंकत राहू शकतो.

या मुलीच्या बाबतीत त्या अर्ध्याच लागू पडल्या होत्या. हात वर जाण्याइतक्या लागू, झोप लागण्याइतक्या नाही. याचा एक अस्वस्थ करणारा अर्थ निघतो: तिचा कॉन्फिडन्स परत आणायचे दोन मार्ग होते. एक, खोटे कॉल बंद करणं. दुसरा, टोचणी बंद करणं. आणि खेळातली मोठी माणसं नकळत दुसराच मार्ग शिकवत असतात, "डोक्यातून काढून टाक, सगळे करतात, पुढच्या पॉइंटकडे बघ." हे वाक्य मी स्वतः किती खेळाडूंना म्हटलंय देव जाणे.

कोणते पर्याय तोलले

दुसरा मार्ग मी नाकारला तो फक्त तत्त्वासाठी नाही. लाइन जज आले की युक्ती वापरताच येत नाही, आणि जसजशी ती वर जाणार तसतसे लाइन जज असलेल्याच मॅच वाढत जाणार. म्हणजे जे कौशल्य वरच्या पायरीवर चालतच नाही ते खालच्या पायरीवर घोटत बसायचं. हा हिशोब तिलाही लगेच पटला, उपदेशापेक्षा कितीतरी लवकर.

उपदेशाचा प्रयत्न मी केला होता हे पण कबूल करते. तिला एका स्पॅनिश धावपटूची गोष्ट सांगितली, इव्हान फर्नांडेझ अनाया. डिसेंबर २०१२ मधली क्रॉस-कंट्री शर्यत, पुढे असलेला केनियाचा आबेल मुताई शेवटची रेषा आलीच समजून थोडा आधी थांबला, आणि मागून येणाऱ्या अनायाने त्याला ओलांडायच्या ऐवजी खुणेने पुढे जायला सांगितलं. गोष्ट सांगून मी भरून आलेल्या चेहऱ्याने बघतेय आणि ही म्हणते, "पण मॅडम, त्याला दुसरा नंबर तरी मिळाला ना? मी पहिल्या राउंडला हरले तर काहीच नाही." बरोबरच होतं तिचं. शिवाय अनायाच्या कोचनेच नंतर सांगितलं होतं की आपण त्याच्या जागी असतो तर असं केलं नसतं. थोर माणसांच्या गोष्टी सांगायचं मी तेव्हापासून कमी केलंय.

राहिले दोन नियम. एक: शंका आली तर लेट, म्हणजे पॉइंट परत खेळायचा. दुसरा: शंका आली तर इन, पॉइंट समोरच्याचा. मला पहिला सोपा वाटत होता, अंपायरला पण निर्णय देता आला नाही तर तो लेटच देतो. तिनेच तो उडवून लावला. म्हणाली, "लेट ठेवलं ना तर मला मागे असतानाच शंका येईल." पंधरा वर्षांच्या मुलीकडून इतकी स्वतःची अचूक ओळख मी अपेक्षिली नव्हती. तर नियम ठरला, शंका म्हणजे इन. तिने ठरवला, मी फक्त लिहून घेतला, आणि पुढे तो टिकला त्याचं मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं.

सरांचं काय? त्यांच्याशी मी तिचं नाव न घेता सगळ्या ग्रुपबद्दल बोलून बघितलं, 'टाइट कॉल' हा शब्द बंद करता येईल का. ते हसले. "मॅडम, कोर्टच्या बाहेर मी एक रुपया कुणाचा ठेवत नाही, पण कोर्टवर वेगळं असतं." ब्रेडेमायर आणि शील्ड्स या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात 'गेम रीझनिंग' म्हणून हेच मांडलं होतं, की खेळात शिरलं की माणसं रोजच्या मापाने न मोजता वेगळं, जरा सैल माप काढतात. सर वाईट माणूस नाहीत. त्यांचे खेळाडू समोरच्यांच्या खोट्या कॉलवर हरलेत, त्या रागातून ते बोलतात. आणि नियमांची रचनाच कधीकधी माणसाला ढकलते हेही खरं, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला डबल्सच्या आठ खेळाडूंना मुद्दाम हरायचा प्रयत्न केला म्हणून बाद केलं, तिथे ग्रुपमध्ये हरण्यात पुढच्या ड्रॉचा, म्हणजे पुढे कुणाशी गाठ पडणार त्याचा, फायदा दिसत होता. पण रचना बदलणं माझ्या हातात नव्हतं आणि मुलीच्याही.

प्रत्यक्षात काय केलं

शरीरापासून सुरुवात केली. हात शटल पडल्यावरच वर जाणार. त्यासाठी शटल जमिनीला टेकल्यावर मनात 'एक' म्हणायचं आणि मग हात. ऐकायला फालतू वाटतं पण त्या एका अंकात डोळ्याला बघायला वेळ मिळतो आणि हव्यासाला जरा दम धरावा लागतो.

रोज चाळीस शटलचा सराव चालू ठेवला, फोन लावून. वहीत दुसरा रकाना आला, प्रत्येक मॅचनंतर 'मी कमावलेलं' असं लिहून तीन गोष्टी, त्यात स्कोअर नको. "पाठीमागून ड्रॉप तीनदा बरोबर पडला," असलं काहीतरी. जॉन निकोल्स यांनी १९८४ मध्ये हा फरक मांडला होता, यश म्हणजे दुसऱ्याला मागे टाकणं की कालच्या स्वतःपेक्षा बरं जमणं. स्पर्धेत पहिलं मोजमाप पूर्ण पुसणं शक्य नाही, तसा प्रयत्नही केला नाही, फक्त दुसरं मोजमाप शेजारी उभं केलं. श्वासाचे व्यायाम चालूच होते, ते काही वाईट नव्हते, चुकीच्या दुखण्यावर लावले होते इतकंच.

दुसरा निर्णय: पहिली हार

पहिल्याच स्पर्धेत ती दुसऱ्या राउंडला हरली. तिसरा गेम १९-२१. त्यात दोन शटल तिने स्वतःहून इन दिली जी आधी डोळे झाकून आऊट दिली असती. तोपर्यंत तिनेच बाबांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे बाबांचा फोन थेट मला. "मॅडम, तुमच्याकडे हिला जिंकायला शिकवायला पाठवलं होतं, साधू करायला नाही."

मी डगमगले, खोटं कशाला बोलू. नियम जरा सैल करू, स्कोअर १८ च्या पुढे गेला की लेट घेऊ दे, असं मनात येऊन गेलं. शेवटी मी बाबांना दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले, आधीची हरलेली क्वार्टर आणि ही मॅच. तिसऱ्या गेममध्ये १५-१८ ने मागे असताना ती एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हती. शांतपणे शटलची पिसं सरळ करत सर्व्हिसला उभी होती. बाबांना पटलं असं नाही म्हणता येणार, पण त्यांना दिसलं. म्हणाले, "ठीक, अजून तीन स्पर्धा बघू."

मध्येच एक घसरण

चौथ्या महिन्यात, २०-१९, तिच्याच मॅच पॉइंटला, शटल लाइनवर पडलं आणि तिने आऊट दिलं. जिंकली. रात्री फोन आला, रडत. समोरच्या मुलीला सांगायचं होतं तिला. मी म्हटलं एक दिवस थांब, उद्याही तसंच वाटलं तर बघ. दुसऱ्या दिवशी तिने मेसेज केला. उत्तर आलं, "मला माहीत होतं." बस, पुढे काही नाही. माफ केलं नाही, भांडली नाही.

हे तिला हरण्यापेक्षा जास्त लागलं. कबुली दिली की समोरचा विरघळेल असं तिने गृहीत धरलं होतं आणि मीही, आणि ती समोरची काय आमचं ओझं हलकं करायला बसली होती का? एक दिवस थांबायला सांगितलं ते बरोबर होतं असं मला अजून वाटतं. उत्तर काय येऊ शकतं याची तयारी करून घेतली नाही ती चूक.

काय निष्पन्न झालं

साधारण चौदा महिन्यांत दहा स्पर्धा. तीनदा पहिल्या दोन राउंडमध्ये बाहेर, जे आधी जवळपास होतच नव्हतं. तीनदा क्वार्टरला हरली. चारदा सेमीपर्यंत, त्यातली एक फायनल, ती पण हरली. रँकिंग आधी घसरलं आणि मग जवळजवळ होतं तिथे परत आलं. कागदावर बघाल तर 'यश' म्हणायला जीभ अडखळते.

पण लाइन जज असलेल्या मॅचमधलं ते कोसळणं थांबलं. हरली तरी तिसऱ्या गेमपर्यंत नेऊन हरली. कॉलवरून होणारी भांडणं संपली, आणि त्या भांडणांत किती शक्ती जात होती ते ती संपल्यावर कळलं. एक गंमत म्हणजे समोरच्या मुली आता तिच्या कॉलवर वाद घालत नाहीत, ती आऊट म्हणाली की आऊट.

याचं सगळं श्रेय नव्या नियमाला देणं मात्र प्रामाणिक नाही. या काळात ती सोळा पूर्ण झाली, ताकद वाढली, फिटनेसचा ट्रेनर बदलला. शिवाय रोजच्या चाळीस शटलमुळे तिची नजर इतकी सुधारली की बाहेर जाणारं शटल ती आता बिनधास्त सोडते, आणि त्यातून मिळालेले पॉइंट तर शंभर टक्के तिचेच. नैतिकतेने किती दिलं आणि सरावाने किती, हे वेगळं काढायला माझ्याकडे काही साधन नाही.

आज परत हेच प्रकरण आलं तर

पहिल्याच आठवड्यात वही मागेन आणि व्हिडिओ बघेन. 'कॉन्फिडन्स नाही' हे वाक्य ऐकलं की आधी विचारेन, कोणत्या मॅचला नाही, आणि त्या मॅचमध्ये दुसरं काय वेगळं असतं. बाबांना सुरुवातीलाच सांगेन की मध्ये निकाल बिघडू शकतात, त्यांचा तो फोन येऊच नये इतकं आधी सांगून ठेवायला हवं होतं. सरांशी ग्रुपबद्दल बोलण्यापेक्षा सगळ्या ग्रुपलाच चाळीस शटलचा सराव लावून बघितला असता तर कदाचित काही हललं असतं, शब्दांवर वाद घालून काही हाती लागलं नाही.

आणि नियम ठरवताना एक प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता, तो गेल्या महिन्यात आला. सेल्फ-कॉलची, म्हणजे लाइन जज नसलेली मॅच, समोरच्या मुलीचा मॅच पॉइंट, शटल बेसलाइनवर. तिला शंका आली, तिने इन दिलं, हरली. घरी येऊन बाबांच्या फोनवर बघितलं तर शटल बाहेर पडलेलं, बोटभर. मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "आता?"

मी दोनदा उत्तर टाइप केलं आणि दोनदा खोडलं. अर्ध्या तासाने तिचाच पुढचा मेसेज आला: "चाळीसचे साठ करूया. नियम राहू दे."